घरची गाडी

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "ॲव्हरेज काय देते हो?" आणि दुसरा, "विकायचीय का?" पहिल्या प्रश्नाला मी गेली चाळीस वर्षे बिनदिक्कत खोटे उत्तर देत आलो आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. तो आमच्या सौभाग्यवतींना आहे. कागदोपत्री गाडी माझ्या नावावर असली तरी ती खरी तिच्या पाटल्यांची आहे. हे प्रकरण जरा मुळापासून सांगायला हवे.

आमचे अण्णा हायस्कुलात गणित शिकवीत. गणिताच्या मास्तराने मोटार घेऊ नये हे खरे म्हणजे गणितानेच सिद्ध होते. पण १९७६ साली अण्णांनी फियाट घेतली. १९७१ सालची, अकराशे डिलाइट, दुधावरच्या सायीच्या रंगाची. नवी गाडी घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी नव्या फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट बघत. मुलगा जन्मल्यावर नंबर लावला तर त्याच्या मुंजीत गाडी येई, असे आमच्या वाड्यात म्हणत. म्हणून सेकंडहँड. त्यातही अण्णांनी एक पथ्य पाळले होते. गाडी डॉक्टरची होती. "डॉक्टरची गाडी" हे तेव्हा जुन्या गाडीचे सर्वात मोठे सर्टिफिकेट. डॉक्टर गाडी कसे चालवतात कोण जाणे, पण ज्याच्या हातात लोक आपला जीव देतात त्याच्या हातातली गाडी वाईट कशी असेल, असा काहीतरी हिशेब असावा.

पैसे कमी पडत होते. प्रॉव्हिडंट फंडातून काही काढले, पतपेढीतून काही काढले आणि उरलेले आईच्या हातांतून काढले. आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. त्या तिला तिच्या सासूने दिल्या होत्या, सासूला तिच्या सासूने. घरात येणाऱ्या थोरल्या सुनेच्या हातात त्या घालायच्या असा आमच्या घराण्याचा रिवाज. घराण्याचा म्हणण्यासारखा तेवढा एकच रिवाज आमच्याकडे होता. आई पाटल्या काढताना काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "सुनेला काय सांगू?"

"सुनेला गाडीतून फिरवू!" अण्णा म्हणाले.

ती सून त्या वेळी वाईला शाळेत जात होती आणि आपल्या पाटल्या मोडल्या जात आहेत याची तिला कल्पनाही नव्हती. मलाही ती कोण हे ठाऊक नव्हते.

गाडी वाड्यात आली तेव्हा आजूबाजूचे सगळे बघायला जमले. अण्णांनी सर्वांना तिची कुंडली सांगितली. वालचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात केलेली, इंजिन १०८९ सी.सी., चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्याच दांड्याला, त्यामुळे पुढे तिघे सहज बसतात. (चौघे बसत. पुढे अनुभवाने सिद्ध झाले.) याच गाडीचे पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी असे बारसे झाले होते; पण अण्णा "आपली डिलाइट" असेच म्हणत. शाळेत मात्र ते सायकलनेच जात राहिले. १९७३ नंतर पेट्रोल असे काही भडकले होते, की गाडी असणे आणि गाडी चालवणे या दोन वेगळ्या चैनी झाल्या होत्या. अण्णांना पहिलीच परवडत होती, तीही आईच्या जिवावर.

मे १९८३ मध्ये माझे लग्न ठरले. मुलगी वाईची, कार्य वाईलाच, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा. वऱ्हाडासाठी एस.टी. ठरवली होती. नवरदेवानेही त्याच एस.टी.ने जावे, ही माझी सूचना. ती अण्णांनी ऐकूनही घेतली नाही. "घरची गाडी असताना नवरदेव लाल डब्यातून?" सात वर्षे वाड्यात उभ्या असलेल्या त्या चार तोळ्यांचे सार्थक करण्याचा तो क्षण होता आणि अण्णा तो सोडणार नव्हते.

आदल्या रात्री गाडीचे 'सर्व्हिसिंग' मामांनी केले. आमचे मामा एका सरकारी खात्यात स्टोअरकीपर होते. जगातल्या यच्चयावत सुट्या भागांची नावे त्यांना पाठ होती. ते भाग कुठे बसतात एवढेच ठाऊक नव्हते. आयुष्यभर त्यांनी ते फक्त रॅकवर पाहिले होते. मामांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला, एका फडक्याने जे जे दिसले ते पुसले आणि "फर्स्टक्लास!" असा शेरा देऊन बॉनेट लावले. आता वाटते, तेवढ्यावरच ते थांबले हे उपकारच.

सकाळी सातला आम्ही निघालो. पुढे अण्णा, मी आणि मामा. मागे आई, आत्या आणि करवली म्हणून नटलेली धाकटी बहीण. तिच्या मांडीवर लाडवांचा डबा, आत्याच्या मांडीवर तांब्याची कळशी. कळशी कशाला, असे कुणी विचारले नाही. आमच्या गाडीतून प्रवास करणारे सगळेच अनुभवी होते.

कात्रजचा घाट गाडी गुणी मुलीसारखी चढली. शिरवळला आम्ही चहा घेतला. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो होतो, वाई आता तासाभरावर आली होती. अण्णांनी मजेत शीळ घातली. अण्णांना शीळ घालता येते हे मला त्या दिवशी प्रथम कळले. ते शेवटचेही ठरले.

खंबाटकीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर गाडीने दोन उचक्या दिल्या, तिसरी अर्ध्यावर ठेवली आणि ती थांबली.

मोटार बंद पडते त्या क्षणी आत एक विलक्षण शांतता पसरते. इतका वेळ इंजिनाच्या आवाजात ऐकू न आलेल्या गोष्टी ऐकू येऊ लागतात. पक्षी, वारा, आत्यांचे पुटपुटणे. पुरुष मंडळी एकमेकांकडे न बघता खाली उतरतात. बॉनेट उघडले जाते आणि सगळे आत असे डोकावतात, की जणू काही आत एखादी चिठ्ठी ठेवलेली असेल.

"एअर लॉक!" मामा म्हणाले.

हे निदान त्या काळी सर्रास केले जाई आणि ते अगदीच खोटे नसे. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापते, त्याला चिकटलेला पेट्रोलचा पंप तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा पेट्रोल ओढण्यासाठी केलेला. वाफ त्याला ओढता येत नाही. उपाय एकच, पंपावर ओले फडके ठेवायचे आणि वाट बघायची. फडक्याचा शोध सुरू झाला. घरून निघताना सगळे नवे कोरे नेसून निघालेले. शेवटी सर्वांची नजर माझ्या गळ्यातल्या उपरण्यावर गेली. जरीकाठी, सासरहून आलेले. कळशीतल्या पाण्यात ते बुडवून मामांनी पंपाला घातले. नवरदेवाच्या आधी पंपाचा मानपान झाला.

एवढ्यात खालून आमची एस.टी. आली. मी रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवले. खिडक्यांतून वीस-पंचवीस हात बाहेर आले आणि त्याहून जोरात हलले. पोरांनी "नवरदेवाचा विजय असो!" अशी आरोळी ठोकली. मी ओरडत होतो, "थांबा! थांबा!" काकांनी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितले, "बघा बघा, सावकाश सीन बघून या!" आणि एस.टी. वळणाआड गेली. आम्ही निसर्गशोभा पाहायला थांबलो आहोत अशी त्यांची समजूत झाली होती. ज्या माणसाचे तीन तासांनी लग्न आहे तो उघड्या बॉनेटपाशी उभा राहून निसर्ग कसला बघेल? पण वऱ्हाडाला विचार करायची सवय नसते.

अर्ध्या तासाने स्टार्टर मारला आणि गाडी चालू झाली. मामांनी अशा काही चेहऱ्याने सर्वांकडे पाहिले, की आत्यांनी त्यांना तिथल्या तिथे लाडू दिला. आणखी दोन वळणे झाली आणि गाडी पुन्हा उचकी देऊन थांबली.

आता फडके ओलेच होते, तेव्हा एअर लॉक रद्द झाला. "मग प्लग!" मामा म्हणाले. आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी चारी प्लगांच्या वायरी काढल्या, प्लग खोलले, रुमालाने पुसले, फुंकले, परत बसवले. वायरी लावल्या. अण्णा फक्त एवढेच म्हणाले, "कुठली कुठे होती हे लक्षात आहे ना?"

"भाऊजी, चार वायरी, चार प्लग. चुकणार कुठे?"

इथे अण्णांमधला गणिताचा मास्तर जागा झाला असता तर बरे झाले असते. चार वायरी चार प्लगांना चोवीस प्रकारे लावता येतात. त्यांतला बरोबर प्रकार एकच. मामांनी उरलेल्या तेवीसांतला एक निवडला होता. हा हिशेब अण्णांनी मला लग्नानंतर आठ दिवसांनी समजावून सांगितला.

स्टार्टर मारताच गाडीने तोफ डागली. सायलेन्सरमधून असा बार निघाला, की समोरच्या दरडीवरची माकडे पळाली. दुसरा बार वरून, कार्बोरेटरकडून. आत्यांनी पुटपुटणे सोडून खणखणीत आवाजात रामरक्षा सुरू केली. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला स्टार्टरही कण्हू लागला. बॅटरी बसली. घड्याळात दहा वाजून गेले होते.

उरला धक्का. पण चढावर धक्का मारून गाडी चालू करण्याएवढे बळ वरपक्षात नव्हते. मग मामांनी आपली शेवटची कल्पना काढली. गाडी उलटी फिरवायची, उतारावर सोडायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. चालू झाली की पुन्हा फिरवून वाईची वाट धरायची. सगळ्यांनी मिळून गाडी फिरवली. आम्ही आत बसलो आणि गाडी पुण्याच्या दिशेने घरंगळू लागली.

नेमक्या याच वेळी खालून एक स्कूटर आली. तिच्यावर मुलीकडचा एक तरुण होता. आमच्या हिचा मावसभाऊ. पुण्याहून हार आणि गजरे घेऊन तो निघाला होता. त्याने समोरून येणारी गाडी ओळखली. पुढच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पाहिला. मागे रामरक्षा म्हणणारी बाई पाहिली. गाडी उलट्या दिशेने, पुण्याकडे, आणि तीही इंजिनाचा आवाज न करता गुपचूप चालली आहे हेही पाहिले. त्याने स्कूटर थांबवली नाही. काही विचारले नाही. वेग वाढवला आणि तो थेट वाईला मांडवात जाऊन उभा राहिला.

पुढे तिकडे काय झाले ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. नवरदेव खंबाटकीवरून परत फिरला ही बातमी मांडवात पाच मिनिटांत सर्वांना पोचली. मग कारणे निघाली. कुणी म्हणाले हुंडा, कुणी म्हणाले पुण्यात कुणीतरी आहे. आमच्या वऱ्हाडाला विचारले तर त्यांनी सांगितले, "छे हो, ते घाटात सीन बघत होते." यामुळे संशय वाढला. आमची ही पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसली होती. तिच्या कानावर हे सगळे येत होते. आज आम्ही दोघे त्यावर हसतो, म्हणजे मी हसतो. ती सांगते, "त्या दोन तासांत मी काय काय ठरवलं होतं ते तुम्हाला कधीच सांगणार नाही." तिने अजून सांगितलेले नाही.

इकडे गाडी बार काढीत काढीत, पण चालू न होता, थेट घाटाच्या पायथ्याशी खंडाळ्यापर्यंत आली. हे साताऱ्याचे खंडाळा, लोणावळ्याजवळचे नव्हे. इथे कुणी हवा खायला येत नसे. रस्त्याकाठी एका बाभळीखाली टायर टांगलेले एक दुकान होते. दुकानात चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. उस्ताद कुठे म्हणून विचारले तर म्हणाला, "लग्नाला गेल्यात." त्या दिवशी सगळा महाराष्ट्र लग्नाला गेलेला होता.

पोराने बॉनेट उघडले, अर्धा मिनिट पाहिले आणि विचारले, "वायरी कुनी लावल्या?"

आम्ही सगळ्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी डोंगराकडे पाहिले.

पोराने डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आतला रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते बोटाने दाखवत तो आमच्यापेक्षा स्वतःलाच सांगावे तसा म्हणाला, "एक, तीन, चार, दोन." आणि त्या तालावर त्याने चारी वायरी लावल्या. फियाटच्या इंजिनात सिलिंडर उभे आहेत त्या क्रमाने पेटत नाहीत. एक पेटला की तीन, मग चार, मग दोन. सात वर्षे गाडी बाळगून आमच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. अण्णा तर दुखावल्यासारखे दिसले. आकड्यांची गोष्ट, आणि ती एका पोराने त्यांना शिकवावी.

धक्का दिला. गाडी चालू झाली. "मी तेच म्हणत होतो," मामा म्हणाले आणि दार उघडून आत बसले.

पण पोरगा बॉनेट लावीना. "थांबा. पर ती आदुगर का बंद पडली हुती?"

हा प्रश्न आम्हा पाच शिकलेल्या माणसांपैकी कुणालाही पडला नव्हता. गाडी चालू झाली, आता पळा, एवढेच आमच्या डोक्यात. पोरगा मात्र शांतपणे इंजिन तापू देत उभा राहिला. दहा मिनिटांनी गाडीने ओळखीची उचकी दिली आणि ती बंद पडली. त्याला आनंद झालेला दिसला. त्याने कॅपच्या मधली वायर उपसून माझ्या हातात दिली आणि तिचे टोक इंजिनापासून दोरीएवढ्या अंतरावर धरायला सांगितले. अण्णांनी उरल्यासुरल्या बॅटरीवर स्टार्टर मारला. एक मरतुकडी, पिवळट ठिणगी पडली आणि मला असा झटका बसला, की मुंडावळ्या उडून पडल्या.

"ठिनगी निळी पायजे," पोरगा म्हणाला. "कंडिशन गेलाय."

कंडिशन म्हणजे कंडेन्सर. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची नळकांडी, एक शेपटासारखी वायर. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात तेव्हा तिथला करंट या नळकांड्याने सामावून घ्यायचा. त्याने अंग काढून घेतले, की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, पॉइंट काळे पडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. आमचा कंडेन्सर म्हातारा झाला होता. थंड असला की काम करी, तापला की सोडून देई. म्हणून अर्ध्या तासाने गाडी चालू झाली होती. माझे उपरणे फुकट गेले होते.

नवा कंडेन्सर दुकानात नव्हता. पोराने मागे भंगारात पडलेल्या एका फियाटच्या सांगाड्यातून जुना काढून आणला. पॉइंट पॉलिशपेपरने घासले, हॅकसॉच्या पात्याने त्यांच्यातली फट जोखली. कॅप मी धरली होती, टॉर्च मामांनी, स्क्रू अण्णांच्या तळहातावर. मग शेजारी उभ्या असलेल्या ट्रकच्या बॅटरीला वायरी जोडून त्याने स्टार्टर मारायला लावला. निळी ठिणगी मी प्रथमच पाहिली. फार सुंदर दिसते.

साडेअकरा झाले होते. "पैसे किती?" अण्णांनी विचारले. "बारा रुपय." अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्या मुंडावळ्यांकडे. "गाडीत बस," ते म्हणाले. "लग्नाला चल. परत पडली तर?" पोराने दुकानावर पोते ओढले आणि तो पुढे आमच्यात चौथा बसला.

सुरूर फाट्याला आम्हाला समोरून एक जीप भेटली. तीत सासरे, मावसभाऊ आणि आणखी चार जण होते. पैकी दोघांच्या हातात काठ्या होत्या, त्या कशासाठी होत्या हे मी आजवर विचारलेले नाही. सासऱ्यांनी आमची सगळ्यांची तोंडे पाहिली, माझे हात पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, "पॉइंट?"

"कंडेन्सर," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिथेच उतरला. त्यांची वाईला पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. त्या इंजिनात ना पॉइंट, ना कंडेन्सर. पण बंद पडलेल्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाची कळा ते शंभर पावलांवरून ओळखत.

मांडवात पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. हात धुवायला वेळ नव्हता. धुतले असते तरी निघाले नसते. अंतरपाट दूर झाला. माळा घातल्या. हातात हात देण्याची वेळ आली तेव्हा हिने माझ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिले. सासरच्या माणसाशी बोललेले तिचे पहिले वाक्य मी जसेच्या तसे सांगतो. खालच्या आवाजात ती म्हणाली, "रॉकेलनं निघेल."

आमच्या लग्नाच्या आल्बममध्ये दोघांचेही हात काळे आहेत. नातवंडे विचारतात, तेव्हा मेंदी होती असे मी सांगतो.

पहिल्या पंगतीला अण्णांनी त्या पोराला स्वतःच्या शेजारी बसवले. मांडवातून निघताना सासऱ्यांनी त्याला टोपी-उपरणे दिले. बारा रुपये वेगळे. नंतर पुष्कळ वर्षे वाईला जाता-येता आम्ही त्या बाभळीखाली थांबत असू. पुढे रस्ता रुंद झाला, बाभूळ गेली, तो कुठे गेला कळले नाही.

परतीच्या वाटेवर नवी सून आईशेजारी मागे बसली. घाट उतरल्यावर आईने तिला सगळे सांगितले. पाटल्यांचे. मी पुढे बसून ऐकत होतो आणि अण्णा रस्त्याकडे जरा जास्तच लक्षपूर्वक पाहत होते. आई शेवटी म्हणाली, "म्हणजे बघ, तू तुझ्या पाटल्यांतच बसली आहेस."

बराच वेळ ही काही बोलली नाही. शिरवळच्या आसपास म्हणाली, "आई, माझ्या पाटल्यांना पेट्रोलचा वास येतोय."

गाडी थांबवून पाहिले तर पंपाजवळचा जोड गळत होता. तिने हेअरपिन आणि साबणाची वडी मागितली. गिरणीत वाढलेली मुलगी. त्या दिवसापासून बॉनेटखालचा सगळा प्रदेश तिच्या ताब्यात गेला. मी फक्त चालवतो. पॉइंट ती घासते, फट ती जोखते, वायरी काढायची वेळ आलीच तर तोंडाने "एक, तीन, चार, दोन" म्हणत ती परत लावते. मामा जिवंत होते तोवर घरात त्यांच्यादेखत बॉनेट उघडायचे नाही असा तिचा दंडक होता.

अण्णा गेले, आई गेली. गाडी राहिली. २०२१ साली सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, पेट्रोल भरायला न्यावी आणि दुरुस्तीला न्यावी. मी हे हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग आजवर आपण दुसरीकडे कुठे नेली होती?"

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांचे डोळे पाणावले आणि आमच्याकडे फोन येऊ लागले. "विकायचीय का?" आमची इमारत तेव्हा पाडायला निघाली होती. नव्या इमारतीत एका फ्लॅटला एकच गाडी उभी करता येणार, तीही लोखंडी पाळण्यात. मला गुडघे आहेत. गाडीला क्लच आहे. शिवाय अक्षय तृतीयेला पेपरातला सोन्याचा भाव ही मोठ्याने वाचते, त्याला चाळीस वर्षे झाली. चार तोळ्यांचा आकडा आता ऐकवत नाही. मी मनाशी हिशेब केला, की गाडी चांगल्या किमतीला गेली तर चार नाही तरी दोन तोळ्यांच्या तरी पाटल्या हिच्या हातात घालता येतील. अण्णांची बाकी फिटेल. मी तिला विचारले. ती भांडी विसळत होती. "बघा बाई, तुमची गाडी," म्हणाली. चाळीस वर्षांत तिने प्रथमच "तुमची" म्हटले.

एका रविवारी गिऱ्हाईक आले. तिशीतला तरुण, भला वाटला. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, स्टिअरिंगच्या गिअरवरून हात फिरवला आणि आकडा सांगितला. मी तोळे मोजले. चांगले दोन होत होते. "चालू करून दाखवता?" तो म्हणाला. मी किल्ली फिरवली. गाडी कण्हली, उचकी दिली आणि गप्प झाली. पुन्हा. पुन्हा. तरुणाचा चेहरा उतरला, आणि आकडाही. "काका, मग इंजिनाचं काम निघणार," म्हणून त्याने निम्मा आकडा सांगितला.

ही गॅलरीतून ऐकत होती. ती पदर खोचून खाली आली ती पॉलिशपेपर घेऊनच. "सरका," मला म्हणाली. कॅप काढली, पॉइंट उघडून दोन-चार हात मारले, फुंकर घातली, हॅकसॉचे पाते घालून पाहिले, कॅप लावली. तरुणाच्या हातात मधली वायर देऊन म्हणाली, "धर रे." मी किल्ली फिरवली. निळी ठिणगी पडली, तरुण उडाला. वायर जागेवर बसवून तिने मला खूण केली आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली.

तरुण थक्क होऊन उभा होता. त्याने लगेच पहिला आकडा परत सांगितला, वर आणखी पंचवीस हजार.

ही पदराला हात पुसत होती. "आता कशाला विकायची?" ती म्हणाली. "चालू आहे की. अहो, बंद करू नका, तशीच काढा. मंडईतून भाजी आणायचीय."

"नियमात भाजी बसत नाही," मी म्हणालो.

"पेट्रोल भरायला चाललोय म्हणून सांगा," असे म्हणत ती पुढच्या सीटवर बसलीसुद्धा.